‘हवी होती’ची पोर्तुगीज : पहिल्या वर्षानंतर बोलायला कसं शिकायचं

पहिलं वर्ष संपलं की एक फसवी अवस्था येते. नाव, गाव, घरात किती माणसं, सकाळी किती वाजता उठता, हे सगळं पोर्तुगीजमध्ये सांगता येतं. क्रियापदांचे तक्ते पाठ असतात. वर्गातल्या चाचणीत बरे गुण पडलेले असतात. आणि मग कुणीतरी आपल्या नेहमीच्या वेगाने एकच वाक्य बोलतं आणि त्यातला शेवटचा ‘श’ तेवढा आपल्या हाती लागतो.

मी बांद्याची, सावंतवाडी तालुक्यातली. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. पोर्तुगीज शिकायला जायचे तेव्हा पत्रादेवी ओलांडून पेडणे, म्हापसा करत पणजी, तिथून पुन्हा दुसरी बस. जाऊन येऊन चार तास. माझी निम्मी पोर्तुगीज त्या बसमध्ये झाली. पहिली दोन वर्षं मी ती उलट्या बाजूने शिकत होते, हे मात्र फार उशिरा कळलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

उलट्या बाजूने म्हणजे इंग्रजीच्या बाजूने. आपल्याला मिळणारी बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. जे इंग्रजीत नाही ते त्यांत ‘अवघड’ म्हणून येतं, आणि आपणही मुकाट्याने ते अवघड मानतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं आपण घरात रोज बोलत असतो.

मला हे कळलं ते लिस्बनमध्ये. एका जुलै महिन्यात उन्हाळी अभ्यासक्रमासाठी गेले होते. कॅफेत उभी राहून म्हणाले, ‘केरू उं काफे’. शब्दशः ‘मला कॉफी हवी आहे’. व्याकरण चोख. कॉफी आली, पण देणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्या मागे मोझांबीकची एक वर्गमैत्रीण होती. ती म्हणाली, ‘केरीया उं काफे’, आणि तिला वर एक हसू मिळालं. केरीया हा भूतकाळ. ‘प्रतेरितु इंपरफेइतु’ नावाच्या ज्या तक्त्याला आम्ही वर्षभर घाबरत होतो त्यातलाच. मी तिला विचारलं, कॉफी तर आत्ता हवी आहे, मग भूतकाळ कशाला? तिला सांगता येईना. आणि एकदम मला आई आठवली. शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहून ती म्हणते, ‘वायच साखर होयी हुती’. साखर हवी होती. आत्ताच हवी असते, पण ‘हवी आहे’ म्हटलं तर ते मागणं अंगावर येतं. बँकेत आपण ‘साहेबांशी बोलायचं होतं’ म्हणतो, फोनवर ‘जरा एक काम होतं’ म्हणतो. केरीया म्हणजे तेच, ‘हवी होती’. पोर्तुगालात एक घासून गुळगुळीत झालेला विनोदही आहे. तुम्ही ‘केरीया’ म्हटलंत की एखादा मिस्कील वेटर विचारतो, ‘केरीया? मग आता नको का?’ हा विनोद मराठीत जसाच्या तसा चालतो. इंग्रजीत तो समजावून सांगायला बसावं लागतं.

तेव्हापासून मी एक वही केली. डाव्या पानावर घरात ऐकलेलं मराठी किंवा मालवणी वाक्य, उजव्या पानावर त्याचं पोर्तुगीज. मध्ये इंग्रजी नाही. तुम्हीही हे करा, आणि आधी वाक्य घरातून उचला, मग त्याची पोर्तुगीज शोधा. उलट क्रमाने केलं की पाठ्यपुस्तकातली वाक्यं येतात, आणि ‘पेन टेबलावर आहे’ असं घरात कुणी म्हणत नाही.

या वहीत मला सापडलेल्या जोड्यांपैकी सगळ्यांत कामाची म्हणजे दोन भूतकाळांची. ‘फुई’ म्हणजे गेले. ‘ईया’ म्हणजे जायचे. लहानपणी मे महिन्यात आजोळी जायचे, हे ‘ईया’. गेल्या मे महिन्यात गेले, हे ‘फुई’. बस्स. वर्गात यावर आम्ही तीन आठवडे घालवले, कारण इंग्रजी भूतकाळाचं एकच रूप दोन्हीकडे चालून जातं आणि पुस्तकाला ते फोडून सांगावं लागतं. मराठी माणसाला ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांत गोंधळ होत नाही. एकच लक्षात ठेवा : ‘फुई’ हे ‘जाणे’ आणि ‘असणे’ या दोन्ही क्रियापदांचं भूतकाळी रूप आहे. ‘फुई’ म्हणजे ‘गेले’ही आणि ‘होते’ही. संदर्भाने कळतं.

दुसरी जोडी ऐकून माझ्या शिक्षकांनाही गंमत वाटली होती. पोर्तुगीजमध्ये भविष्यातल्या अटीसाठी एक खास रूप आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी ते रोजच्या बोलण्यातून जवळपास सोडून दिलं, पोर्तुगीज लोक मात्र भाजीवाल्याशी बोलतानाही वापरतात. ‘स पुदेरश’ म्हणजे जमलं तर. ‘क्वांदु शगारश आ काझा, लीगा-म’ म्हणजे घरी पोचलास की फोन कर. आता मराठी नीट पाहा. फोन उद्या करायचा आहे, पोचणंही उद्याच, तरी आपण ‘पोचलास’ म्हणतो. ‘आलास तर’, ‘जमलं तर’, ‘मिळालं तर’ ही सगळी भूतकाळाची रूपं. आणि पोर्तुगीजमध्ये हे रूप बनवायची कृती काय? भूतकाळाचं ‘ते आले’ घ्यायचं, ‘वियेरांव’. त्याचं शेपूट कापायचं, उरतं ‘वियेर’. ‘ते गेले’ फोरांव, त्यावरून ‘फोर’. ‘त्यांनी केलं’ फिझेरांव, त्यावरून ‘फिझेर’. दोन्ही भाषांना उद्याच्या अटीसाठी कालचं क्रियापद लागतं. हे सुचल्यावर मी तक्ता पाठ करणं सोडलं. अनियमित क्रियापदांचा साधा भूतकाळ पक्का असेल तर हे रूप फुकटात मिळतं. नसेल तर आधी तो पक्का करा, मग इकडे या.

‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ म्हणजे त्यांचा ‘कोंझुन्तीवु’. ‘केरू क वेन्यश’. जिथे मराठीत ‘-आवं’ लागतं तिथे दहापैकी सात-आठ वेळा त्यांच्याकडे हे रूप लागतं. उरलेल्या दोन-तीन वेळा फसाल, तेवढं चालतं.

आता जिथे मराठी दगा देते ते सांगते, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलते असं वाटेल. ‘सेर’ आणि ‘श्तार’ ही त्यांची ‘असणे’ची दोन क्रियापदं. मला वाटलं, सापडलं! आपलं ‘असतं’ आणि ‘आहे’. आकाश निळं असतं, आज ढगाळ आहे. इथवर बरोबर. पण ‘तो उंच आहे’, ‘ती वकील आहे’ यांत मराठी ‘आहे’ म्हणते आणि पोर्तुगीज मात्र ‘सेर’ घेते. या साम्याच्या भरवशावर मी एका निबंधात माझ्या सगळ्या नातेवाइकांना तात्पुरतं उंच करून ठेवलं होतं. दुसरं ‘मला’. आपल्याला सगळं ‘मला’ होतं : मला आवडतं, मला समजतं, मला येतं. पोर्तुगीजमध्ये आवडणं मात्र सरळ ‘मी’ करतो, ‘गोश्तु द मांगा’, आणि त्यातला तो ‘द’ विसरायचा नाही. पण ‘कॉफी प्यावीशी वाटते’ला ‘अपतेस-म उं काफे’, इथे ‘मला’ परत येतं. डोकं दुखतं तेव्हाही, ‘दॉइ-म आ काबेसा’. याला नियम शोधू नका, क्रियापदागणिक वहीत लिहा.

आपल्याच किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली अजून घरात बोलली जाते. तिचे शब्द पोर्तुगीज, पण वाक्याचा क्रम बदलत बदलत मराठीसारखा झाला, क्रियापद शेवटी. भाषेचे अभ्यासक तिच्यासाठी मुद्दाम कोर्लईला येतात. दुसऱ्या वर्षाला मी जे बोलत होते ती थोडीफार कोर्लईच होती. तिथल्या लोकांची ती चारपाचशे वर्षांची कमाई आहे, माझी नुसती चूक होती. तेव्हा अर्थ मराठीतून घ्या, क्रम मात्र त्यांचाच ठेवा : कर्ता, क्रियापद, मग बाकीचं.

कानाचं काय करायचं

पोर्तुगालची पोर्तुगीज कळत नाही याचं मुख्य कारण म्हणजे ते आघात नसलेले स्वर गिळतात. ‘टेलिफोन’ तिथे ‘तलफॉन’ होतो. ‘माफ करा’ हे पुस्तकात देस्कुल्पे दिसतं, कानावर ‘दश्कुल्प’ पडतं. शब्दाच्या शेवटचा स ‘श’ होतो, शेवटचा ओ ‘उ’. मी हवालदिल झाले होते, तेव्हा पहिलीतली भाची वाचताना ऐकली, ‘क-र-तो’. आपण लिहितो करतो आणि म्हणतो कर्तो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला आपणही असंच छळत असणार. म्हणजे अक्षर खाण्याची सवय आपल्या जिभेला आहेच, फक्त ते कुठलं खातात ते शिकायचं.

माझी पद्धत अशी. पोर्तुगालच्या सरकारी नभोवाणीचं ‘आंतेना उं’ केंद्र इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे त्यांच्या सकाळी आठच्या बातम्या हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी दीडला, डबा खाताना. दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करा, जास्त नको. परतीच्या बसमध्ये तीच दोन मिनिटं पुन्हा पुन्हा ऐका आणि जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहा. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये लिहायला गेलात तर डोळा कानाला शिकवायला लागतो, आणि डोळ्याला गिळलेले स्वर दिसत असतात. देवनागरीत तुम्ही ऐकलं तेच लिहिता. घरी आल्यावर मग स्पेलिंग शोधा. ‘प्रिबेरां’ आणि ‘इन्फोपेदिया’ हे दोन ऑनलाइन शब्दकोश त्यासाठी पुरेसे आहेत. सुरुवातीला दोन मिनिटांना मला चार दिवस लागायचे. तिसऱ्या महिन्यात एक दिवस पुरला. फादू ही पोर्तुगालची विरहगाणी लावून भाषा येईल असं कुणी सांगितलं तर गाणी जरूर ऐका, पण हा अभ्यास समजू नका. अभंग ऐकून एस.टी.च्या कंडक्टरशी बोलता येत नाही.

ब्राझिलची पोर्तुगीज ऐकायला सोपी, स्वर उघडे. मात्र बोलताना एक बाजू धरा. पोर्तुगालात बस म्हणजे आउतुकार्रु, ब्राझिलमध्ये ओनिबुस. आगगाडी पोर्तुगालात कोंबोयु, ब्राझिलमध्ये त्रें. आणि ‘प्रोपीना’ या शब्दाने पोर्तुगालात विद्यापीठाची फी होते, ब्राझिलमध्ये लाच. विद्यापीठात शिकणाऱ्याने हा एक शब्द तरी जपून वापरावा.

नाकाचं मात्र आपल्याला वरदान आहे, निदान कोकणातल्यांना. प्रमाण मराठीने बोलताना नाकातले उच्चार सोडले. जुन्या छापील पुस्तकांतले ‘केलें’, ‘घरें’ यांवरचे टिंब आता शोभेचे राहिले. मालवणीत आणि कोंकणीत ते जिवंत आहेत. ‘खंय’ म्हणणाऱ्याला पोर्तुगीजचा ‘आंव’ जड जाऊ नये. तरी मला गेला, कारण वर्गात मी ‘शुद्ध’ बोलायला जायचे. आपला पाव हा शब्द त्यांच्याकडूनच आलेला. पण येताना त्याचं नाक गळालं. आपण म्हणतो तसा ‘पाव’ त्यांच्या कानाला लाकूड, दांडका असा ऐकू येतो. ब्राझिलमध्ये त्याचा एक अर्थ चारचौघांत न बोलण्याचाही आहे. मी लिस्बनला बेकरीत दोन दांडके मागितले होते. दुकानदारीण सभ्य होती. तसंच ‘आव्हॉ’ म्हणजे आजी आणि ‘आव्हो’ म्हणजे आजोबा. डॉक्टर-ऑफिस म्हणता येणाऱ्याला हा फरक जमतो, लक्ष मात्र द्यावं लागतं.

घरातल्या शब्दांवर फार विसंबू नका, हे यावरून आलंच. बटाटा, काजू, अननस, चावी, बादली, घमेलं, लिलाव, नाताळ ही यादी पहिल्या वर्षाला सगळेच आनंदाने करतात. दुसऱ्या वर्षाची यादी वेगळी : जे शब्द वाटेत बदलले. ‘पगार’ त्यांच्याकडे क्रियापद, पैसे देणे, पगाराला ‘सलारियु’. ‘तुरुंग’ ज्यावरून आला तो त्यांचा शब्द आता झाडाच्या खोडाला वापरतात. ‘परात’ म्हणजे साधी ताटली. आणि पेरू! आपला पेरू त्यांच्या नासपतीच्या नावावरून आला, पण त्यांच्याकडे ‘पेरू’ म्हणजे टर्की हा पक्षी. आपल्या पेरूला ‘गोयाबा’ म्हणायचं. दारावरचं ‘पुश’ही याच यादीत टाका : उच्चार आपल्या ओळखीच्या इंग्रजी शब्दासारखाच, अर्थ ‘ओढा’. एका महिन्यात मी किती दारांना धडकले ते मोजलं नाही.

तू, तुम्ही आणि मधलं काही

‘तू’ म्हणजे तू. उच्चारासकट. मित्र, भावंडं, वर्गातली मुलं. वडीलधाऱ्यांना पुरुषाला ‘उ सिन्योर’, बाईला ‘आ सिन्योरा’. पुस्तकात मध्ये ‘वोसे’ दिलेलं असतं आणि तुम्हाला वाटतं, हेच आपलं ‘तुम्ही’. ब्राझिलमध्ये ते बिनधास्त वापरा. पोर्तुगालात अनेकांना ते कोरडं, काहींना उद्धट वाटतं. ते लोक काय करतात, तर सर्वनामच गाळतात, किंवा समोरच्यालाच तृतीय पुरुषात विचारतात : ‘प्राध्यापक उद्या येणार का?’, आणि प्राध्यापक समोर उभे असतात. आपणही भाऊंना तोंडावर ‘काय, भाऊ आज लवकर निघाले?’ म्हणतोच की. अडलात तर हेच करा, कुणाचा अपमान होत नाही.

आणि बारीक शब्द. पुस्तकात नसतात, बोलण्यात दर वाक्यात असतात. ‘पोइश’ म्हणजे आपला हुंकार. समोरचा बोलत असताना मधून मधून टाकायचा, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही ऐकत नाही. ‘पोइझे’ म्हणजे ‘हो ना!’, गाऱ्हाण्यावर मान डोलवण्यासाठी. ‘स कल्यार’ म्हणजे कदाचित, बहुधा. ‘झागोरा’ म्हणजे ‘आलेच आहे तर’, ‘बरं, विषय निघालाच आहे तर’. या चार शब्दांवर मी पहिला आठवडा निभावून नेला. फोन उचलला की पोर्तुगालात ‘श्तो?’ म्हणतात, शब्दशः ‘मी आहे?’ का विचारतात, कुणाला विचारतात, ते राहू दे, तुम्हीही म्हणा.

परीक्षेचं थोडक्यात. लिस्बन विद्यापीठाच्या ‘काप्ले’ केंद्राच्या परीक्षा पायरीपायरीने असतात : ए-टू पातळीला (युरोपीय मोजपट्टीवरची खालून दुसरी पायरी) सिप्ल, बी-वनला देप्ल, बी-टूला दिप्ल. ब्राझिलची सेल्पे-ब्रास मधल्या पातळीपासून पुढे सुरू होते, नवशिक्यांसाठी नाही. तुमच्या वर्गातले गुण काहीही असोत, जुने नमुने सोडवून पाहा. ऐकण्याच्या भागातच खरं काय ते कळतं.

बोलायला माणूस हवा. गोव्यात १९६१ पूर्वी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, पण आहेत. मला म्हापशाला एक आजी मिळाल्या, माझ्या मैत्रिणीच्या घरमालकीण. दर शनिवारी एक तास. त्यांची पोर्तुगीज स्वच्छ, स्वर पुरे, अदब जुनी. मोबाइलला त्यांच्याकडे शब्दच नव्हता, तो मी दिला, ‘तेलेमॉव्हेल’. अशा आजी-आजोबांकडे गेलात तर चुका दुरुस्त करायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते कौतुकच करत बसतात. आणि लिस्बनचा वेग त्यांच्याकडे मिळणार नाही. त्यासाठी बसमधली दोन मिनिटं आहेतच.

सगळ्यांत कठीण फोन. ओठ दिसत नाहीत, हातवारे नाहीत. म्हणून मुद्दाम करा. मी आजींना शनिवारी निघण्यापूर्वी फोन करायचे, फक्त ‘येते आहे’ एवढं सांगायला. सहा-सात शनिवार त्या पुढे काहीतरी म्हणायच्या आणि मी ‘पोइश, पोइश’ करून ठेवून द्यायचे. मग एके दिवशी ते वाक्य मला अख्खं ऐकू आलं : ‘क्वांदु वियेरश, त्राश पांव.’ येशील तेव्हा पाव आण. सहा-सात आठवडे त्या तेच सांगत होत्या. धावत म्हापशाच्या बाजारात गेले, तर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन कधीच निघून गेला होता. मग दुकानातला स्लाइस पाव नेला. त्यावर आजी जे बोलल्या, त्यातलं मला निम्मंच कळलं.